चहाआधीची जीभ

राजापेठेत ज्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे, तिथं सगळे जण लॅबसमोरच्या खोलीतल्या काकांशी तोंडावर हात धरून बोलत. खालचा झेरॉक्सवाला, वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई, टाकीत पाणी चढवणारा माणूस, सगळेच. कारण बोलता बोलता कुणाची जीभ जरा दिसली की ते समोरच्याचं वाक्य मधेच तोडायचे. "थांबा. पूर्ण काढा पाहू." माणूस गोंधळून जीभ काढायचा. मग ते मान तिरकी करून नीट पाहायचे, त्याला जिन्याच्या कोपऱ्यात न्यायचे आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं कानाशी काहीतरी सांगायचे. चारचौघांत त्यांनी कधी कुणाच्या जिभेबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याचं कारण मला फार पुढं कळलं.

त्यांची खोली आमच्या लॅबच्या बरोबर समोर. मधे पाच फुटांचा पॅसेज आणि त्यात दोघांना मिळून एकच बाकडं. दारावर पाटी होती, पण तिच्यावर नाव नव्हतं. नुसतं 'जीभ पाहून सुया लावल्या जातील' असं लिहिलेलं, अक्षर मात्र फार सुरेख. ते मूळचे चांदूर रेल्वेचे, तिथं एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. नोकरीत असतानाच कंबरेच्या दुखण्यानं हैराण झाले, कुठल्याशा शिबिरात सुया टोचून घेतल्या, बरं वाटलं, आणि मग सुट्ट्यांमध्ये मुंबईला जाऊन ती चिनी विद्या शिकून आले. निवृत्तीनंतर अमरावतीत ही खोली घेतली. मागे मोरी, एक खाट, गॅसची शेगडी. तिथंच राहायचे.

भिंतीवर जिभेचा मोठा तक्ता होता, चिनी अक्षरांचा. कोणी विचारलं, काका, हे वाचता येते का, तर म्हणायचे, "चिनी मले एक अक्षर येत नाई. जीभ येते." आणि मग पट्टीनं दाखवायचे. "हा शेंडा, इथं काळीज. मधात पोट. बाजूच्या कडा लिव्हरच्या. मागं, पार घशापाशी, मूत्रपिंड." ऐकणाऱ्याला ते तालुक्याच्या नकाशासारखं वाटायचं.

त्यांच्याकडे यायचं तर सकाळी यायचं. चहा घ्यायचा नाही, तंबाखूचा खर्रा खायचा नाही, जीभ घासायची नाही. खिडकी पूर्वेला होती. पेशंटला तिथं उभं करून ते उजेडात जीभ पाहत, दहा मोजेपर्यंतच. जास्त वेळ बाहेर ठेवली की तिचा रंग बदलतो म्हणत. दहा वाजून गेले की पाहणं बंद. इकडे आमचे पेशंटही उपाशीपोटी रक्त द्यायला सकाळीच येत. त्यामुळे बाकड्यावर दोन्हीकडचे उपाशी एकत्र बसलेले असायचे. मी नाव पुकारलं की एखादा माझ्यासमोर येऊन जीभ काढायचा, आणि त्यांच्याकडे जाणारा एखादा शर्टाची बाही वर करून हात पुढं करायचा. पहिलं वर्षभर आम्ही दोघं यावर हसलो. नंतर सवय झाली.

मी मूळची अकोल्याची. लग्न दोन वर्षांत मोडलं, घरी परत जायचं नव्हतं, म्हणून अमरावतीत नोकरी धरली. हे मी तेव्हा इमारतीत कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे किल्ली ठेवायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, जीभ?" मी नको म्हणत होते, पण काढली. त्यांनी पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "शेंडा लाल आहे तुमचा. झोप नाई लागत. कोणी गेलं का?"

"कोणी गेलं नाही," मी म्हटलं आणि निघून आले. राग आला होता. चार दिवस मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी पॅसेजमध्ये बाकड्यावर डबा उघडला आणि माझ्या दाराकडे न पाहता म्हणाले, "अंबाडीची भाजी आहे. एकट्याले जास्त होते." त्या दिवसापासून आम्ही दुपारचं जेवण त्या बाकड्यावर घेऊ लागलो. मॅडमची मी बाई झाले, आणि अहो-जाहोचं अगं-तुगं.

जिभेवरून रोग कळतो यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. मी रक्ताची माणूस, मला आकडा लागतो. पण त्यांच्या नजरेबद्दल मला कधी शंका आली नाही. प्रत्येक पेशंटची जीभ ते ड्रॉइंगच्या वहीत रंगवून ठेवत. वरच्या कोपऱ्यात नाव, खाली रंगांबद्दल दोन ओळी. 'वरणावर धरते तशी साय.' 'संत्र्याच्या सालीची आतली बाजू.' 'वाळलेलं अंबाडीचं फूल.' कडेला दातांचे ठसे असले तर तेही मोजून काढलेले. मोबाईलवर फोटो काढून पाठवणाऱ्याला ते परत पाठवत. "मोबाईल लाल रंग खोटा दाखवते. तू ये."

आणि कुणालाही सुया लावण्याआधी ते आमच्याकडे पाठवत. चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहिलेलं. रिपोर्ट आल्याशिवाय सुईला हात लावत नसत. लोक समजत, लॅबवाल्यांशी काही संधान असेल. तसं काहीच नव्हतं. मी एकदा विचारलं, "काका, तुमाले जीभ समजते तं रक्त कावून पायता?"

"मी चुकतो म्हणून," ते म्हणाले.

ते असं का म्हणाले ते मला करोनातल्या मास्कच्या दिवसांत कळलं. त्या काळात त्यांच्याकडे कोणी येईना. तोंड उघडायचीच सगळ्यांना भीती, तिथं जीभ कोण दाखवणार? ते रोज सकाळी खिडकी उघडून उभे राहत आणि दहा वाजता बंद करत. मी मात्र सकाळपासून त्या प्लास्टिकच्या पोशाखात घशातले नमुने घेत असायची. दिवसाला किती तोंडं उघडी पाहिली याला हिशेब नव्हता. संध्याकाळी पोशाख काढून, हातपाय धुऊन मी बाकड्याच्या एका टोकाला बसले की ते दुसऱ्या टोकाला येऊन बसत.

"आता सगळ्यायच्या जिभा तूच पायते," ते एकदा म्हणाले. मग जरा थांबून, "कशा होत्या आज?"

मी आधी हसले. पण ते खरंच विचारत होते. मग मी आठवून आठवून सांगू लागले. एक म्हातारे होते, पार कोरडी, मधोमध चीर. एक बाई, जाड पांढरा थर. एक पोरगी, जीभ थरथरत होती, भीतीनं असेल. ते ऐकत वही मांडीवर घेत आणि रंगवत. "चीर किती लांब? करंगळीएवढी?" असं मधेच विचारत. न पाहिलेल्या माणसांच्या जिभा त्यांनी त्या उन्हाळ्यात वहीभर काढल्या. दोन महिने आम्ही दोघांनी एकमेकांखेरीज कुणाशी असं बसून बोललेलं मला आठवत नाही.

अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, "तुमाले मुलगी आहे ना अकोल्याले? फोन नाई करत?" झेरॉक्सवाल्यानं मला तेवढं सांगितलं होतं.

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. मग सांगितलं.

ही विद्या नवी नवी शिकून आले होते तेव्हाची गोष्ट. मुलीला पाहायला अकोल्याहून पाहुणे आले. मुलगा बियाण्यांच्या दुकानात बसायचा, वागायला साधा. पोहे झाले, चहा झाला, आणि यांना राहवेना. म्हणाले, जीभ दाखवता का? सगळे हसले. मुलानंही हसत हसत काढली. यांनी पाहिली, पिवळा थर, कडा लाल, आणि आठ-दहा माणसांसमोर बोलून गेले, "पोरगा पेते."

"मंग?"

"मंग काय. त्याच्या बापानं कप खाली ठेवला आणि उठला. सगळे उठले. मायी बायको दारापर्यंत मागं मागं गेली."

मुलगा पीत नव्हता. कधी थेंबाला शिवलेला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी त्याला कावीळ होऊन गेली होती. हे पाहुणे गेल्यावर चार दिवसांनी मध्यस्थाकडून कळलं. मुलगी तोवर त्याच्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. तिनं वडिलांच्या वतीनं माफी मागणारं पत्र त्याला पाठवलं. त्यानं उत्तर दिलं. पत्रं वाढत गेली आणि सहा महिन्यांनी दोघांनी अकोल्याला नोंदणी करून लग्न केलं. आई गेली लग्नाला. हे गेले नाहीत.

"राग होता का?"

"राग कायचा? चूक मायी. तोंड नव्हतं दाखवाले." त्यांनी वही मिटली. "आज जाऊ, उद्या जाऊ करता करता बायको गेली. मातीले जावई आलता. खांदा देल्ला. मी त्याच्याकडे पायलंच नाई. आता तं लय वर्षं झाले."

त्यानंतर दिवस पूर्ववत झाले, मास्क गेले, पण त्यांचे पेशंट पूर्वीसारखे परतले नाहीत. जे येत त्यांना ते लिव्हरच्या तपासणीला पाठवत. आधी मला काही वाटलं नाही. पण सगळ्यांच्याच चिठ्ठीवर लिव्हर, आणि रिपोर्ट सगळ्यांचेच चांगले. मी रिपोर्ट नेऊन दिला की ते चष्मा पुसून पुन्हा वाचत. "कड तं पिवयी आहे," स्वतःशीच म्हणत.

वलगावची एक बाई त्यांच्याकडे महिनाभर येत होती. पन्नाशीची, शेतात कामाला जाणारी, चढ चढताना दम लागतो म्हणायची. तिचाही रिपोर्ट चांगला होता, तरी कड पिवळी दिसते म्हणून लिव्हरसाठी सुया चालू होत्या. एका सकाळी ती पुन्हा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. मी सुई लावली तर नळीत आलेलं रक्त पातळ, फिकट. मी तिला जीभ काढायला सांगितली. कागदासारखी पांढरी. न सांगता मी हिमोग्लोबिन केलं. पाचाच्याही खाली. तिच्या मुलाला फोन करून बोलावलं आणि दोघांना तसंच सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं रक्त चढवलं, बाई वाचली. मी काकांना काही सांगितलं नाही. पण डोक्यातून जाईना. जिना चढणाऱ्याचा चेहरा पाहून रक्त कमी आहे हे ओळखणारा माणूस, त्याला एवढी पांढरी जीभ दिसली नाही कशी?

उत्तर बुद्धपौर्णिमेला मिळालं. मी विहारात जाऊन तशीच कामावर आले होते, नवी कोरी पांढरी साडी नेसून. ते बाकड्यावर बसले होते. वर पाहून म्हणाले, "वा वं बाई. पिवयी साडी शोभते तुले."

मला वाटलं चेष्टा करतात. पण ते चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. मी आत गेले, कापसाचा बोळा घेतला, बाहेर येऊन त्यांच्यासमोर धरला.

"काका, हा कापूस कोणत्या रंगाचा दिसते?"

ते बोळ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या साडीकडे, मग भिंतीकडे. आयुष्यभर मुलांना रंग शिकवलेला माणूस, त्यांना दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. त्यांनी बोळा माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"मोतीबिंदू. पांढरं पिवयं दिसून रायलं," ते म्हणाले. "कधीपासून असंल?"

"दोन वर्षं तरी. लिव्हरच्या चिठ्ठ्या तवापासून वाढल्या."

"कोणाले काही झालं का?"

सांगू नये असं फार वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे ज्या तऱ्हेनं पाहिलं त्यापुढं मला खोटं बोलता आलं नाही. मी वलगावच्या बाईचं सांगितलं. ते ऐकून ते उठले, आत गेले, दार लोटून घेतलं. दुपारी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या तिघांना त्यांनी दारातूनच हात जोडून परत पाठवलं. पाटी काढून खाटेखाली ठेवली.

ऑपरेशन करून घ्या म्हणून मी पंधरा दिवस मागं लागले तेव्हा कुठं तयार झाले. डोळ्यांच्या दवाखान्यात फॉर्म भरताना तिथल्या मुलीनं विचारलं, सोबत नातेवाईक कोण? ते म्हणाले, "लिहा, कोणी नाई." मुलगी म्हणाली, सहीला कोणीतरी लागतं, आणि नंतर आठ दिवस डोळ्यांत थेंब टाकायलाही. मी सही करते म्हटलं. तिनं विचारलं, तुम्ही कोण? मला पटकन सांगता येईना. शेवटी 'शेजारी' म्हटलं. चालणार नाही म्हणाली.

काकांच्या मुलीचा नंबर त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहिलेला होता. मी तो पूर्वी पाहिलेला. त्यांना न विचारता त्या संध्याकाळी मी फोन लावला. जावयानं उचलला. मी कोण, कुठून बोलते, काय झालं, सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "उद्या सकाळी निंगतो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तो जिना चढून आला. पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं भरलेला, कपाळावरचे केस गेलेले. काका बाकड्यावर बसले होते. त्यांना तो ओळखू आला नाही.

"लॅब समोर आहे," ते म्हणाले.

"मामाजी, मी."

ते बाकड्याच्या टोकाला सरकले. जावई त्यांच्या शेजारी बसला. खालच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. काका म्हणाले, "चहा घेता?"

"घेऊ. पयले दवाखान्याचे कागद द्या."

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस तो त्या खोलीत जमिनीवर चादर टाकून झोपला. दर दोन तासांनी मोबाईलचा गजर वाजायचा आणि तो थेंब टाकायचा. पट्टी काढायच्या दिवशी मीही दवाखान्यात होते. पट्टी सुटली तशी काकांनी भिंतीकडे पाहिलं. "निळी दिसून रायली," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, पांढरीच आहे, सवय होईल. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं, कितीतरी वेळ, आणि म्हणाले, "त्या दिवशी मी चुकलो."

"माहीत आहे मले."

"तुमी पेत नव्हते."

"नाई. आताही नाई पेत." जावई थेंबाच्या बाटलीचं झाकण लावत होता. "पण मामाजी, एक सांगू का? मी त्या दिवशी नाई म्हणूनच जाणार होतो. मायं दुसरीकडे जमत होतं. तुमी बोलले, म्हणून तुमच्या पोरीचं पत्र आलं."

काका हसले की नाही ते मला कळलं नाही. नव्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते तर तसंही येतंच.

अकोल्याला जाण्याआधी त्यांनी दोन कामं केली. दोन वर्षांच्या वह्या काढून एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा झाकून सगळी पानं पाहिली, आणि त्या वह्या जाळायला मोरीकडे नेल्या. जावयानं हातातून घेतल्या. दुसरं काम मला उशिरा कळलं. वलगावची बाई पुन्हा रक्त तपासायला आली तेव्हा म्हणाली, "मास्तर घरी आलते, जावयाच्या गाडीनं. अंगणात उभं राहून हात जोडले. मले काही समजलंच नाई. मी म्हटलं, आले तं जीभ पाहून घ्या. तं नाई म्हणे, आता नाई पायत."

सामान न्यायला छोटा टेम्पो आला होता. खाट, कपाट, वह्यांचे गठ्ठे. तक्ता गुंडाळून दोरीनं बांधला. काका खाली उतरताना जिन्यावर थांबले आणि मला म्हणाले, "येशील ना वं तिकडं? तुयं तं माहेरच आहे." मी हो म्हटलं.

चार महिन्यांनी गेले. मुलीनं दार उघडलं, आनंदानं आत नेलं. शेजारची एक बाई बसलेली होती, तिला तिनं सांगितलं, "बाबांच्या समोरच्या लॅबमध्ये आहेत या." काका आतून आले. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं, चष्मा नव्हता, अंगावर इस्त्रीचा सदरा. त्यांनी मला घर दाखवलं, गच्चीवरची तुळस, जावयाचं दुकान कोणत्या बाजूला आहे ते दाखवलं. नातवाची परीक्षा, पाण्याची पाळी, टीव्हीवरची कुठलीशी मालिका, असं बरंच बोलले. मी ऐकत होते. मला काही बोलायचं असेल तर ते काय, हेच मला सुचत नव्हतं. दोनदा आम्ही दोघं गप्प झालो आणि दोन्ही वेळा मुलीनं विषय काढला.

निघताना ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. ऑटोची वाट पाहत उभे होतो.

"मायी खोली कोणी घेतली?"

"शिकवणीवाल्यानं. बारावीची पोरं येतात."

"पोरं म्हणजे लय गडबड असंल."

"लय."

"मंग करमते तुले."

"करमते," मी म्हटलं.

ऑटो आला. बसस्टँडला सोडून दे म्हणून त्यांनीच ऑटोवाल्याला सांगितलं. मी बसले. ते कडेला उभे होते. तेवढ्यात घरातून त्यांच्या मुलीनं त्यांना जेवायला हाक मारली, आणि ऑटो सुरू व्हायच्या आत ते वळून आत गेले. मी हल्ली पंधरा दिवसांतून एकदा अकोल्याला माहेरी जाते. त्या घरी त्यानंतर गेले नाही.